आफीचे दोन माठ

उइदा, २८ नोव्हेंबर

हुएफा पोरी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लासिसीच्या हाती देतोय. तो नातितिंगूची बस चालवतो आणि तू शिकवतेस त्या शाळेच्या फाटकासमोर कॉफी प्यायला थांबतो. आधी म्हणाला, "काका, मी ड्रायव्हर आहे, पोस्टमन नाही." मग त्याच्या खिडकीची वाकलेली जाळी मी सरळ करून दिली. तेव्हापासून पोस्टमन झालाय.

इकडे सगळं ठीक. हरमाटनचा कोरडा वारा सुटलाय. सकाळी वेल्डिंगच्या टेबलावर बोटाने नाव लिहावं एवढी धूळ असते. काम भरपूर आहे. सण जवळ आला की सगळ्या गावाला नवी दारं लागतात. वर्षभर झोपलेले चोर बहुतेक सणालाच उठत असावेत.

तुझी आफी मजेत आहे. एवढंच की खात नाही, आणि माठातून बाहेर येत नाही. जाताना तू सांगून गेलीस, "बाबा, ती लपली म्हणजे बरी आहे, तिला काढू नका." ऐकलं होतं मी. पण तिच्या डोळ्यांवर दुधाची साय आल्यासारखं झालं होतं. दिवसभर अंधारात मुटकुळं करून पडलेला अजगर बरा आहे असं जो मानेल, त्याला मी गंजलेलं कुलूप नवं म्हणून विकून दाखवीन. म्हणून जरा बाहेर काढली. उन्हात. थोडाच वेळ. तुझ्या आईचं सुतक सुटलं त्या शुक्रवारी आपणहून घरात आलेली पाहुणी ती. शुक्रवारची म्हणून तू नाव आफी ठेवलंस. पाहुणीला बिळात ठेवतात का?

आणि तिचे ते दोन माठ. एक चुलीच्या भिंतीला उबेचा, एक पाण्याच्या रांजणापाशी गारव्याचा. इथे माणसाला एक घर धड नाही आणि हिला दोन! गारव्याचा मी गिऱ्हाइकांच्या पाण्यासाठी दुकानात घेतलाय. तिला कळलंसुद्धा नसेल.

आफी नीट राहिली तर दहा जानेवारीच्या सणाला येईन आणि सुट्टीभर राहीन, असं तू आत्याला फोनवर म्हणालीस. तिने मला सांगितलं नाही. मीच ऐकलं. माझे कान तुला माहीत आहेत.

ये. एवढंच लिहायचं होतं, बाकीचं उगाच लिहिलं.

तुझा बाबा, सागबो


उइदा, ९ डिसेंबर

हुएफा पोरी,

तुझी चिठ्ठी मिळाली. "बाबा, डोळे दुधाळ झाले म्हणजे कात यायची वेळ आहे. तेव्हा तिला नीट दिसत नाही, ती घाबरते. माठात ठेवा आणि विसरून जा. हरमाटनात ती महिना महिना खात नाही, त्याचीही काळजी नको." एवढंच. पण "बाबा" लिहिलंस. ती चिठ्ठी मी खिशात ठेवलीय.

काळजी करू नकोस. सगळं मार्गी लागलंय. आता तू तिला ओळखणार नाहीस! माठात जातच नाही. सकाळ, दुपार, अंगणभर फेऱ्या. भिंतीवर चढते, जाळीला नाक घासते, पुन्हा उतरते, पुन्हा चढते. परवा एक उंदीर दिला तर माझ्या डोळ्यांदेखत गिळला. उपास वगैरे काही नाही. अशी चलाख झालीय की येणारा जाणारा थांबून बघतो.

आत्या म्हणाली, "दादा, ही काही पूर्वीसारखी दिसत नाही."

मी म्हटलं, "सुधारली. माणसं सुधारतात, सापाने काय घोडं मारलंय?"

आत्याने माझ्याकडे बघितलं, ती लहानपणी माझ्या खिशातले आंबे शोधायची तसं.

एक सहज विचारायचं होतं. आफीच्या पाठीवरचे ठिपके नेमके कसे होते गं? म्हणजे मला माहीत आहेत. पण कात टाकल्यावर ते बदलतात का, असं एक गिऱ्हाईक विचारत होतं.

सणाला येतेस ना? तुझ्या खोलीला नवा पडदा लावलाय. जाड आहे.

बाबा


उइदा, १७ डिसेंबर

हुएफा,

लासिसीने तुझी चिठ्ठी दिली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "काका, मी निघतो, पॅसेंजर वाट बघतायत." पॅसेंजर एकही नव्हता.

"दिवसभर फिरते? नाक घासते? बाबा, ती आफी नाही. आफी कुठे आहे?"

सांगतो. आधीच सांगायला हवं होतं, पण मी दारं विकणारा माणूस. फट दिसली की रंग मारतो.

मी तिला उन्हात काढलं ते थोडा वेळ नव्हे. रोज सकाळी दुकानापुढच्या नव्या फाटकावर तिला वेटोळं घालून बसवायचो. आपल्या गावात अजगर दिसला की माणूस थांबतो, माती कपाळाला लावतो. थांबला की मी बोलायला लागायचो. "देवाने स्वतः पसंत केलेलं फाटक आहे, बाई." लोक म्हणायचे, "सागबो, आम्हाला हेच हवं, हेच." ती डोकं आत घालून चेंडूसारखी घट्ट व्हायची, आणि मी हळूच सोडवून पुन्हा गजांवर पसरायचो. घाबरली की चेंडू होते, हे मला ठाऊक होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण चेंडू झालेला देव लांबून दिसत नाही गं.

एका दुपारी एक बाई बिजागरीवरून माझ्याशी घासाघीस करत होती. वळून बघतो तर फाटक रिकामं.

घर पालथं घातलं. कपाटं ओढली, भट्टीची राख उपसली. आत्याला म्हटलं, कात टाकायला कुठे तरी बसली असेल. आणि मग नान कोसिबा, आपली अकासावाली शेजारीण, पानांत बांधलेले मक्याच्या पिठाचे गोळे माझ्या ताटात टाकता टाकता म्हणाली,

"सागबो, परवा तुझ्या दुकानाकडून अजगर आजोबा आले होते माझ्याकडे. पानांच्या टोपलीत अगदी तळाशी जाऊन बसलेले. मी गुडघे टेकले, म्हटलं, आजोबा, चला घरी. आणि लुगड्यात गुंडाळून अजगरांच्या देवळात पोचवून आले. पुण्य लागलं हो मला."

"नान! ती आफी होती! आमच्या हुएफाची!"

"असेल. मग नाव गळ्यात बांधायचं होतंस. आणि ऐक, पोरीने आईच्या आठवणीने ठेवून घेतला, तेही देवळातल्या म्हाताऱ्याला विचारून. देवाने सोसलं. तू त्याला दुकानात टांगलास. मी तर म्हणते, माझ्या टोपलीपर्यंत पळून येण्याएवढी त्याला अक्कल होती हे बरं."

दुसऱ्या कुठल्या गावात साप हरवला असता तर कोणीतरी मारला असता, नाहीतर सापडला म्हणून ओरडला तरी असता. इथे त्याला हात जोडून नेतात आणि सांगतही नाहीत, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे?

देवळात गेलो. पायरीवर, कोनाड्यांत, भिंतीच्या कडेला एकावर एक, सगळे तसेच तपकिरी, तसेच सोनेरी ठिपके. देवळातले म्हातारे पुजारी, दाह आदांदे, दात कोरत बसले होते.

"हे बघ, माझी नातवंडं मला ओळखू येत नाहीत, तुझ्या पोरीचा साप मी काय ओळखू? बघ आणि घेऊन जा."

आणि मी बघितलं. पोरी, मी आयुष्यभर बिजागऱ्या बघत आलोय. जी फिरते ती चांगली, जी अडते ती खराब. त्या ढिगात एक होता जो सारखा हलत होता, भिंतीवर चढत होता, माझ्याकडे जीभ काढत होता. मला वाटलं, हीच. ओळखलं बघ मला! उचलून घेऊन आलो. आदांदे हसले. मला वाटलं, आशीर्वाद देतायत.

घरी आणल्यावर आतून कळत होतं. पण तू येणार होतीस. आफी नीट राहिली तर येणार होतीस.

तुला लिहिलं ते सगळं त्याच्याबद्दल होतं. त्याच्याबद्दल खोटं काही नव्हतं.

बाबा


उइदा, २८ डिसेंबर

हुएफा,

चिठ्ठी नाही. लासिसी म्हणतो, "मॅडमनी पत्र घेतलं, तिथेच उभं राहून वाचलं, आणि मुलांची घंटा झाली म्हणून आत गेल्या." घंटा खरंच झाली होती का, विचारलं. तो म्हणाला, "काका, मला कॉफीचे पैसे द्यायचे होते."

तो फिरणारा परत केला. आदांदेंच्या पुढे ठेवला आणि विचारलं, "तुम्ही त्या दिवशी हसलात का?"

"कारण तू साप निवडला नाहीस, गिऱ्हाईक निवडलंस. हा आला तेव्हा उपाशी होता. वरून दिवसा फिरवून फिरवून पर्यटकांच्या गळ्यात घालतात, म्हणून पोळलेला. भरल्या पोटाचा, निर्धास्त साप दिवसा दिसत नाही, सागबो. त्याला चारी बाजूंनी अंग टेकेल एवढी जागा लागते. मोठी नको, उजेडाची नको. तुझ्या बायकोला शांत झोपताना बघितलंयस ना? ती अंगणात येऊन नाचत होती का?"

तुझी आई, माझी सिका, झोपेत डोक्यावरून पांघरूण घ्यायची. मी ते काढायचो. म्हणायचो, गुदमरशील. ती पुन्हा घ्यायची.

"मग माझी कुठली?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? जी दिसत नाही, त्यांपैकी एक."

घरी आलो. दुकानातला गारव्याचा माठ रिकामा केला, घासला. गिऱ्हाइकांना म्हटलं, तहान लागली तर नान कोसिबाकडे जा, ती अकासाही विकते. दिवेलागणीच्या आधी दोन्ही माठ डोक्यावरच्या पाटीत घेऊन देवळात गेलो. आडवे ठेवले, तोंड भिंतीकडे, तू ठेवायचीस तसे. एक उन्हाने तापलेल्या दगडाला, एक विहिरीच्या कडेला. मी बसायला लागलो तर आदांदे म्हणाले, "आता घरी जा."

"थोडं बघतो."

"तू बघत बसलास तर तो येणार नाही. आणि आला तरी तुझ्यासाठी आल्यासारखं तुला वाटेल. जा."

गेलो. पण सरळ घरी नाही. तुझ्या दाराकडे गेलो.

तुला सांगितलं नव्हतं, की ते दार मी कोणाला विकलं. तू शाळेत जायला लागलीस तेव्हा केलं होतं, वर सूर्य कापलेलं. तुझी आई गेल्यावर तू दिवसभर आत असायचीस, तिन्हीसांजेला बाहेर येऊन काहीतरी खायचीस, पुन्हा आत. मी ठोठावायचो. येणारे जाणारे विचारायचे, पोरगी कुठे, बरी आहे ना? मी तुला हाका मारून बाहेर बोलवायचो, पाहुण्यांपुढे बसवायचो. तू बसायचीस. खांदे आत घेऊन. मग मी एका सकाळी बिजागऱ्या काढल्या. म्हटलं, घरातल्या माणसांत दार कशाला? आणि ते दार दुकानात लावलं, आणि ते गेलंही. औषधाच्या दुकानवाल्या झेफिरॅनने घेतलं.

त्याने ते संडासाला बसवलंय.

"झेफिरॅन, ते परत दे. दुसरं देतो, याहून भारी."

"भारी नको. हे आतून छान बंद होतं. आमच्या घरात अकरा माणसं आहेत, सागबो. एवढी एकच जागा आहे जिथे मला कोणी हाक मारत नाही."

मी त्याला समजावत उभा राहिलो. बोलता बोलता माझा स्वतःचाच आवाज माझ्या कानावर आला. मी एका माणसाचं दार काढून मागत होतो. त्यालाही तेच म्हणत होतो, घरातल्या माणसांत कशाला रे.

पण घेतलंच शेवटी. त्याला दोन कड्यांचं नवं करून दिलं, आणि ते बसेपर्यंत जुनं हलवलं नाही.

बाबा


उइदा, ६ जानेवारी

हुएफा,

सकाळी देवळात गेलो तेव्हा विहिरीकडचा माठ रिकामा होता. उन्हाच्या दगडाकडच्या माठात कोणीतरी होतं. हात घातला नाही. तोंडाला ओलं फडकं बांधलं, आदांदेंना विचारलं. ते म्हणाले, "ने. सणाच्या गर्दीतून एक तरी वाचेल."

चुलीच्या भिंतीपाशी ठेवलाय, दुसरा रांजणापाशी. फडकं सोडलं आणि बाहेर आलो. तेव्हापासून मी तिला धड बघितलेलं नाही. खाल्लं का, माहीत नाही. कधी बाहेर येते, माहीत नाही. चुलीपुढच्या राखेत सकाळी एक लांब वळण असतं, त्यावरून कळतं की येऊन गेली.

ती आफी आहे का, तेही माहीत नाही. आहे असं लिहिलं असतं तर तुला खरं वाटलं असतं, यावेळी सगळं जुळतंय. पण मी आता फक्त दारंच विकायचं ठरवलंय, आणि हे विकायचं नाही.

तुझ्या खोलीला दार लावलंय. सूर्यावर झेफिरॅनच्या घरचा थोडा चुना उडालाय, तो खरवडला नाही, तुला हवा तर काढ. कडी आतून आहे. बाहेरून कडी नाही, कुलूप नाही, आणि किल्लीचं भोक मी बुजवून टाकलंय.

ये. नाही आलीस तरी दार तसंच राहील. स्टँडवर मी येणार नाही. लासिसीला सांगितलंय, तुझी पेटी आत्याकडे दे.

बाबा


१२ जानेवारी, तुझ्या दाराखालून

हुएफा,

हे पत्र लासिसीने आणलेलं नाही. चार पावलांवरून आलंय, तरी लिहायला सगळ्यात जड गेलं.

परवा सणाचे ढोल सगळ्या गल्लीत वाजत होते, आणि तू आलीस. पेटी ठेवलीस, चुलीपाशी बसलीस, माठात हात घालून बराच वेळ तशीच होतीस. मी फाटकाला रंग देत होतो. त्या फाटकाला रंग आधीच होता.

मग जेवताना म्हणालीस, "तीच आहे, बाबा."

मी दोन वेळा अकासा मागून घेतला. आत्या म्हणाली, "बघा, दादाची भूक परत आली."

काल तू माठ आपल्या खोलीत नेलास. दार लावलंस. कडी लागल्याचा आवाज ऐकला, आणि तो मला आवडला, हे तुला खोटं वाटेल. मी दिवा घ्यायला तिथून चाललो होतो. थांबलो नाही. पण माझे कान, पोरी, मी त्यांच्या बिजागऱ्या काढू शकत नाही. तू तिला सांगत होतीस,

"आफी हनुवटी माठाच्या काठावर ठेवायची. तू शेपूट ठेवतेस, वेडे. राहा. तुझं काय चुकलंय? बाबांनी बिचाऱ्यांनी तुला किती सांभाळून आणलंय."

तू मला खोटं सांगितलंस. मला बरं वाटावं म्हणून फटीवर रंग मारलास. कोणाकडून शिकलीस, ते मला विचारायला नको.

मी हे गिळून टाकणार होतो. तू आत ठेवलेली गोष्ट आहे, आत राहू दे, असं रात्रभर म्हणत होतो. पण मग आपण दोघं जेवायला बसणार, तू म्हणणार आफी बरी आहे, मी म्हणणार हो, आणि आफी तिकडे देवळात कुठल्या तरी दगडाखाली. ते मला नाही जमायचं. मला तुझी आफी हरवायची नव्हती, पण हरवली मीच. तुझ्या आईच्या शुक्रवारी आलेली. त्याला माझ्याकडे बदली माल नाही.

कुंभाराकडून तिसरा माठ आणलाय. आजपासून रोज दिवेलागणीला देवळात ठेवून येईन आणि सरळ घरी येईन. आदांदे म्हणतात, साप जागा विसरत नाही, माणसाचा कंटाळा मात्र त्याला येऊ शकतो. काठावर हनुवटी दिसली तर तुला हाक मारायला कोणीतरी येईल. मी नाही, आत्या.

तुला यावर काही म्हणायचं असेल तर म्हण. नसेल तर नको.

ताट दाराशी ठेवलंय. अकासा आणि तळलेला मासा, मिरचीची चटणी बाजूला. मी दुकानात जातोय, ऐरणीवर काम आहे. हातोडीचा आवाज येतोय तोवर समज, मी दाराशी नाही.

बाबा